चार बोटांची जागा

गाडी पुरती थांबायच्या आधीच कलाबाईनं दार ढकललं, मांडीशेजारी ठेवलेला दगड दोन्ही हातांनी उचलला आणि खाली उडी टाकली. दगड मागच्या चाकाला लावून तिनं पत्र्यावर दोन थापा मारल्या. म्हणजे आता ब्रेक सोडा. ग्यानबानं ब्रेक सोडला. गाडी बोटभर मागं सरकली, दगडाला टेकली आणि तिथंच घुमत राहिली.

"पहिल्या गेरात टाका," ती ओरडली.

"पहिल्यातच हाय!"

"मग रेस द्या की."

"दिलीय की! तळाला लावलाय पाय."

म्हसोबाचा चढ अजून निम्मा बाकी होता. मागं आल्याची पोती होती, नेहमीपेक्षा कमीच. गेल्या साली याच चढावर, याच्याहून जास्त मालाला, ही गाडी दुसऱ्या गेरात हूं की चूं न करता चढत होती. कलाबाई बाजूला उभी राहून इंजिन ऐकू लागली. आजारी माणसाचा आवाज कसा चिरका होतो, तसा काही तो वाटत नव्हता. चांगला खणखणीत होता, फक्त अर्धाच यायचा. बोलायला तोंड उघडावं आणि मधेच गप्प व्हावं, तसा.

कोंबड्यांचा एक टेम्पो खच्चून भरून शेजारून वर गेला. त्याच्या ड्रायव्हरनं शिट्टी वाजवली. ग्यानबानं मान दुसरीकडं वळवली.

शेवटी मागून आलेल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून त्यांना माथ्यावर नेऊन सोडलं. ट्रॅक्टर दिसेनासा झाला तसा ग्यानबानं खिशातून फोन काढला.

"वीरभद्रप्पाला सांगून टाकतो. रविवारी ये म्हणावं, अन् घेऊन जा."

वीरभद्रप्पा अफजलपूरचा. त्याला उसाचं बेणं वाहायला एक स्वस्तातली गाडी हवी होती, आणि तो दिवाळीपासून मागं लागला होता. फोनवरचं बोलणं संपेपर्यंत तिनं चाकाखालचा दगड परत आणून सीटवर ठेवला, मळकट हात पदराला पुसले आणि आपल्या जागी मांडी घालून बसली.

ही डावीकडची जागा तिची होती. गाडी घेतली त्या साली एकदा पोती मोजायला जाणारा माणूस आला नाही, म्हणून ती हुमनाबादच्या बाजारापर्यंत बसून गेली, ती उतरलीच नाही. आल्याचा भाव तीच करायची. कोणता अडत्या ओलं आलं कोरडं म्हणून तोलतो, उदगीरला कुठल्या हाटेलात बायकांना बसू देतात, कलबुर्गीच्या रस्त्याला कुठं ऊन लागत नाही, हे तिला पाठ होतं. गाडी गेली की अडत्याचाच टेम्पो शेतात येणार, माल उचलून नेणार, आणि ती घरी. "घरात काय कमी हाय तुला?" असं ग्यानबा म्हणणार. कमी तसं काहीच नव्हतं. तीच तर पंचाईत होती.

"इकायच्या आधी कळू तर द्या, कामून चढंना," ती म्हणाली.

"कळून काय करायचंय? म्हातारी झाली."

"म्हातारं झालं तरी माणसाचं कुठंतरी दुखतं. हिचं कुठं दुखायलंय ते तरी बघू."

"तुला ना, बाई, प्रश्न लई," ग्यानबा म्हणाला. पण माथ्यावरच रेवणसिद्धाचं गॅरेज होतं, आणि गाडी तशीही त्याच्या दारावरूनच जाणार होती.

रेवणसिद्ध लिंबाखाली एका मोटारसायकलीच्या पोटात हात घालून बसला होता. घरी कानडी, गिऱ्हाइकांशी मराठी आणि नट हलेना की दखनी, अशी त्याची वाटणी होती. त्यानं बोनेट उघडलं. कलाबाई त्याच्या खांद्याशी जाऊन उभी राहिली.

"हे काय?"

"एअर फिल्टर, अक्का. गाडीचं नाक."

"चोंदलंय?"

त्यानं ते उन्हाकडं धरून पाहिलं. "धूळ हाय. पण ह्यानं गाडी मरत न्हाई. हे चोंदलं की काळा धूर मारती. मारायली का काळा धूर?"

"न्हाई," कलाबाई म्हणाली. "चढावर मी मागं जाऊन बघितलं की. धूर साधाच."

रेवणसिद्धानं तिच्याकडं जरा वळून पाहिलं आणि मग बाकीचं तो तिलाच सांगत गेला. डिझेलचा फिल्टर काढला, स्वच्छ होता. मागचं चाक उचलून फिरवलं, मोकळं फिरलं. सायलेन्सरच्या तोंडाशी फडकं धरलं, ते फडफडलं. ग्यानबा लिंबाखाली खाटेवर बसून चहा पीत होता.

"डाक्टरनं बिनसाखरेचा सांगितलाय न्हवं?" कलाबाई तिथूनच म्हणाली.

"एवढ्यानं काय होतंय?" ग्यानबानं बशी तोंडाला लावली. "अन् रेवणसिद्धा, ब्रेक बी बघ रे. परवा शेळी आडवी आली, तर लई उशिरा लागला. समदंच ढिलं झालंय हिचं."

रेवणसिद्धानं ब्रेक पाहिला. ब्रेक चांगला होता. त्यानं डोकं खाजवलं आणि इंजिनावर वाकून रेसची वायर हातानं ओढली. इंजिन असं ओरडलं, की लिंबावरचे कावळे उडाले.

"मग?" कलाबाई म्हणाली. "ह्यात तर दम हाय."

"हाय."

"मग चढावर कुठं जातो?"

"अक्का, हेच मला बी विचारायचंय," तो म्हणाला आणि बोनेट पाडलं. "चला. चढावर जाऊन बघू. अण्णा, तुमी चालवा, मी शेजारी बसून ऐकतो."

तिघं गाडीत बसले, रेवणसिद्ध डाव्या दाराशी, बुटाचे पाय बाहेर पायरीवर सोडून. ग्यानबानं दाराशी चपला काढल्या. ही त्याची रीत होती. गाडी घेतल्या दिवशी ती मैलारला नेली होती, मल्लण्णासमोर तिच्यावर भंडारा उधळला होता. तेव्हापासून समोरच्या काचेखाली देवाचा छोटा फोटो होता आणि आत चप्पल घालून पाय ठेवायची कुणाची टाप नव्हती. पुढं आरटीओचा साहेब एकदा आत डोकावला, तर ग्यानबानं त्यालाही बूट काढायला सांगितले होते. साहेब आत आलाच नाही. कलाबाईच्या पायांचा तर प्रश्नच नव्हता. तिची मांडी मोडायची ती बाजारातच.

उताराच्या तळाशी जाऊन ग्यानबानं गाडी फिरवली आणि चढाला लावली. रेवणसिद्ध डोळे मिटून ऐकत होता. निम्म्यावर गाडीचा आवाज बसत गेला. कलाबाईचा हात आपसूक दगडाकडं गेला.

"बघ," ग्यानबा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडं समाधानही होतं. डॉक्टरसमोर नेमका खोकला यावा, तसं. "पाय तळाला हाय बघ. आता मी काय करू?"

गाडी मागं मागं तळाशी आली.

"सरका अण्णा," रेवणसिद्ध म्हणाला.

"बूट."

रेवणसिद्धानं बूट काढून दाराबाहेर ठेवले, मग विचार करून ते मागं पोत्यांवर टाकले, आणि स्टेअरिंगवर बसला. कलाबाई मधेच राहिली, ग्यानबा डाव्या दाराशी आला. गाडी निघाली. म्हसोबाचं झाड आलं, गेलं. निम्मा चढ आला. कलाबाईनं दगडावर हात ठेवला होता, तो तिथंच राहिला. गाडी दुसऱ्या गेरात, त्याच पोत्यांसकट, तीन माणसांसकट, एका दमात माथ्यावर येऊन उभी राहिली.

कलाबाईनं दगडावरचा हात काढून घेतला.

"चढली की!" ग्यानबानं समोरच्या फळीवर जोरात थाप मारली. "अगं चढली की! काय केलंस रे?"

पण रेवणसिद्ध तिथं नव्हताच. दार उघडून त्यानं बाहेर उडी मारली होती आणि तो रस्त्याकडेच्या गवतात एका पायावर नाचत होता.

"अय्यय्यो! अक्का, पाणी! पाणी हाय का?"

कलाबाईनं बाटली दिली. त्यानं उजव्या तळव्यावर पाणी ओतलं. "फ्लोअर हाय का तवा हाय? निम्म्या चढापास्नं पाय भाजायलाय. रेस सोडावी तर गाडी मरंल म्हणून दात आवळून बसलो."

इकडं ग्यानबा फोन लावून मोकळा झाला होता. "हां वीरभद्रप्पा. न्हाई, नका येऊ. गाडी एकदम बरी हाय. काय तरी बारकं व्हतं... न्हाई न्हाई, इकायची न्हाईच आता." फोन खिशात टाकून तो बायकोकडं पाहून हसला. "झालं तुझ्या मनासारखं?"

कलाबाईही हसली. तिला हसू आवरलंच नाही.

रेवणसिद्ध जमिनीवर आडवा होऊन गाडीखाली डोकावला. "हे बघा. सायलेन्सरच्या वरचा पत्राच गळून पडलाय. कधीचा कुणाला ठाव. पाइपाची सगळी आग सरळ वर. अन् आत मॅट बी न्हाई."

"मॅट दसऱ्याला धुवायला काढलं व्हतं, उंदरानं खाल्लं," ग्यानबा म्हणाला. "पण लेका, मी रोज चालवायलोय की. मला कुठं लागायलंय? तुझे पाय बुटात ऱ्हाऊन ऱ्हाऊन बाईमाणसाचे झालेत!"

रेवणसिद्ध हसला. हसता हसता थांबला. गाडीखालून निघून तो उठून बसला आणि त्यानं कलाबाईकडं पाहिलं.

ती हसत नव्हती. ती गाडीच्या उजव्या दाराकडं निघाली होती.

"वर बसा," ती नवऱ्याला म्हणाली.

"कामून?"

"बसा तर. इंजिन चालू नका करू. नुसती रेस दाबा."

ग्यानबा हसत हसत चढून बसला. बायकोला प्रश्न लई, हे त्याला माहीत होतं, आणि आज त्याची काही तक्रार नव्हती. त्यानं पाय लावला. कलाबाई दाराशी उभी राहून इतकी वाकली, की तिचे डोळे गाडीच्या फरशीच्या पातळीला आले.

"दाबली?"

"दाबली."

"पुरी?"

"तळाला. पत्रा लागायलाय की पायाला."

तिनं हात आत घातला. पेडल आणि पत्रा यांच्यामधे तिची चारही बोटं, एकावर एक, आरामात मावली. वर आणखी थोडी फट राहिली.

"आणखी दाबा."

"आणखी कुठं दाबू? खाली रस्त्याला लावू का?"

बोटं मोकळीच राहिली. पत्रा तापलेला होता. करंगळी चरचरायला लागली, तरी तिनं हात लगेच काढला नाही. जणू थोडं थांबलं, तर फट आपोआप मिटेल.

"काय निघालं?" ग्यानबानं वरून विचारलं. "वायर ढिली हाय का?"

रेवणसिद्ध फडक्याला उगाचच हात पुसत होता. "हां अण्णा," तो म्हणाला. "वायर... वायर कसून देतो. अन् एक मॅट टाकतो जाडसं."

कलाबाईनं हात काढून करंगळी पदरात गुंडाळली. गाडी राहिली होती. फोन झाला होता. रेवणसिद्धासारखा सरळ माणूस खोटं बोलायला तयार झाला होता, तेही तिनं न सांगता. आता मॅट टाकून घ्यायचं, आणि अजून ऊन फार चढलं नव्हतं, हुमनाबादचा बाजार गाठता आला असता. तिला आपली जागा दिसत होती, उघड्या दारातून, पलीकडची. दगडसुद्धा तिथंच होता.

"वायर चांगली हाय," ती म्हणाली. "पाय इकडं करा."

"आं?"

"उजवा. इकडं."

ग्यानबा सीटवर आडवा फिरला आणि पाय बाहेर सोडून बसला. तिनं खाली बसून त्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला.

"भर रस्त्यात पाया पडायलीस का काय?" तो म्हणाला. "रेवणसिद्धा, बघ रे बाबा, साक्षीला ऱ्हा. घरी कधी पडत न्हाई."

तिनं तळवा उन्हाकडं वळवला. टाचेवर, पत्र्याला टेकायच्या जागी, लिंबाएवढा फोड येऊन फुटलेला होता. कातडं काठाला काळं पडलं होतं, आत आल्याच्या वावरातली माती भरली होती आणि तिच्यात थोडा पिवळा भंडाराही होता. जखम आजची नव्हती. कालचीही नव्हती. तिनं काळ्या काठाशेजारी नख टेकवलं आणि दाबलं.

"पण मी काय म्हणतो," ग्यानबा रेवणसिद्धाला सांगत होता, "पुढच्या साली आलं कमी करून हळद लावावी म्हणतो. गाडी हाय म्हणल्यावर उदगीरपर्यंत..."

तिनं नख आणखी रुतवलं. आपल्याच बोटाचं टोक पांढरं होईपर्यंत.

"...उदगीरपर्यंत नेली, तरी परवडती. काय?"

रेवणसिद्ध लांब बघत म्हणाला, "परवडती की." आणि मग, जरा खालच्या आवाजात, "अण्णा, ते ब्रेकचं..."

कलाबाईनं नख काढलं. पाय मात्र गुडघ्यावरच ठेवला. "हे कधी झालं?" तिनं विचारलं.

"काय?"

"वाकून बघा."

ग्यानबानं वाकून पाहिलं, पण आपला तळवा आपल्याला असा दिसत नाही. मग त्यानं पाय हातानं ओढून मांडीवर घेतला आणि उलटा केला. बराच वेळ तो बघत राहिला. दुसऱ्या कुणाचा तरी पाय चुकून आपल्याकडं आलाय, तसा. मग अंगठ्यानं त्यानं त्या जागेवरची माती झाडली. जोरात झाडली.

"दुखत न्हाई पण," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "तेच बघायलेय."

रस्त्यानं एक बस गेली. तिच्या वाऱ्यानं पोत्यांवरचा ताडपत्रीचा कोपरा फडफडला. ती उठली.

"बसवकल्याणला जाऊ. दवाखान्यात."

"आज? अन् आलं?"

"आलं काय पळून जायलंय का?"

त्यानं किल्ली काढली होती, ती मुठीत धरून तो तसाच बसून होता. शेळी आडवी आली तेव्हा तिच्यामागं एक पोरगी पळत आली होती, हे त्यानं गॅरेजात सांगितलं नव्हतं. कलाबाईला ते सांगायची गरज नव्हती. ती तेव्हा शेजारीच होती. दोघांनीही मिळून ब्रेकला शिव्या दिल्या होत्या.

ग्यानबा खाली उतरला. किल्ली त्यानं रेवणसिद्धापुढं धरली.

रेवणसिद्धानं ती घेतली, मागून एक रिकामं पोतं ओढून बाटलीतल्या उरलेल्या पाण्यानं भिजवलं, आणि पत्र्यावर अंथरून अनवाणीच वर चढायला लागला.

"बूट घाल," ग्यानबा म्हणाला.

रेवणसिद्ध पायरीवरच थांबला. त्यानं काचेखालच्या फोटोकडं पाहिलं, मग ग्यानबाकडं.

"घाल रे. भाजंल."

त्यानं पोत्यांवरचे बूट काढून घातले. नाड्या बांधायला त्यानं गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

कलाबाई आधी चढली आणि मधे सरकली. ग्यानबाला वळसा घालून डाव्या दाराशी यायला वेळ लागला. चपला हातात घेऊन तो वर बसला. त्याला हातांचं काय करावं कळत नव्हतं. आधी ते त्यानं मांडीवर ठेवले, मग समोरच्या फळीवर, मग दगड उचलून मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. गाडी निघाली. पुढं लहानसा चढ होता. तिथं त्याचा उजवा पाय, काही नसलेल्या जागी, हळूच खाली दाबला गेला. तो कलाबाईला दिसला. तिनं आपला गुडघा त्याच्या गुडघ्याला लावून ठेवला.

गाडी सहज वर गेली.

"वीरभद्रप्पाला परत फोन लावू का?" त्यानं विचारलं. समोर बघत विचारलं.

"आधी डाक्टर काय म्हणतो बघू."

"डाक्टर गाडी चालवू नका म्हणंल."

"म्हणंल."

"मग?"

तिच्या उजव्या हाताला गेर होता, रेवणसिद्ध तो बदलायचा तेव्हा तिला गुडघा सावरून घ्यावा लागत होता. पहिला वर, दुसरा खाली. तिसऱ्याला जरा आपल्याकडून लांब. ते ती बघत होती.

बराच रस्ता असा गेला. ऊन खिडकीतून ग्यानबाच्या अंगावर आलं, तसा तो बाहेर बघायला लागला.

"ते काय पांढरं?" तो एकदम म्हणाला.

रस्त्यापासून आत, एका वाडीच्या कडेला मोठी चिंच होती, आणि तिच्यावर इतके पक्षी बसले होते, की झाडाला कापूस लागल्यासारखं दिसत होतं. काही उडत होते, काही काटक्या तोंडात धरून येत होते.

"बगळे," कलाबाई म्हणाली. "पिल्लं काढायला येतात. थंडी सरली की."

"औंदा आलेत?"

"दरसाली येतात."

झाड मागं पडलं. ग्यानबानं खिडकीतून मान बाहेर काढून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं, आणि मग आत घेतली.

"मी रोज इथूनच जायलोय की," तो म्हणाला. "मला कधी दिसलं न्हाई."

"तुमी रस्ता बघत व्हता."

"मग तू सांगायचं न्हाईस का?"

"सांगितलं की. लई बारी," ती म्हणाली. "इंजिनाच्या आवाजात तुमाला ऐकू गेलं नसंल."

थोड्या वेळानं त्यानं खिडकीची काच आणखी खाली केली, आणि पुढं एक पडकी विहीर आली तेव्हा तिच्याकडं बोट करून, हळूच, तिला विचारलं, "अन् ही?"